तिपाईचा दोष

४ नोव्हेंबर २०१८, रविवार

हवालदारांनी सांगितलं म्हणून ही वही. "कोणता छर्रा कुठं गेला ते रोज लिवत जा, दीपमाला. डोक्शात रायत नाई." फक्त नेमाबद्दल लिहायचं, घरची कुरकुर इथे नको, असं स्वतःला बजावून बसले आहे. किती दिवस टिकतं बघू.

मूळ मुद्दा असा. जानेवारीत पुण्याला अपंग नेमबाजांची राज्य निवड चाचणी आहे. मागच्या वर्षी मी तिथे तिसरी आले, तेही उसन्या स्टँडवर. यंदा पहिल्या दोघींना राष्ट्रीय स्पर्धेला नेणार आणि स्टँड ज्याचा त्याने आणायचा. ज्यांना रायफल दोन्ही हातांनी पेलता येत नाही त्या आम्हा लोकांचा वेगळा गट, आम्हाला ती तिपाईवर टेकवायची सवलत असते. पण नुसती टेकवली तर काम फारच सोपं होईल. म्हणून तिपाईच्या डोक्यावर एक स्प्रिंग आणि स्प्रिंगवर बेचकं. रायफल त्यात डुलत राहते आणि तिला गप्प बसवणं हेच कसब. स्प्रिंग नियमाप्रमाणे असते, ती बदलता येत नाही. तिपाई मात्र आपली आपण निवडायची.

माझा डावा हात अडीच वर्षांपूर्वी गेला. खांद्याला लटकून आहे, पण गेला. भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ हायवेवर स्कूटी घसरली आणि खांद्यातल्या नसा तुटल्या. बोटं जराशी हलतात, पण अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला काही कळत नाही, आणि खांदा-कोपर तर माझे नाहीतच. नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, नस फार हळू वाढते, दोन वर्षं वाट पाहा, नंतर समजून घ्या. दोन वर्षं सप्टेंबरात झाली. समजून घेतलं.

११ नोव्हेंबर, रविवार

हवालदार म्हणजे परसराम कापगते. फौजेतून निवृत्त झाले आणि शहापूरला एका राइस मिलच्या रिकाम्या शेडमध्ये दहा मीटरची रेंज मांडून बसले. मी कॉलेजात एनसीसीमध्ये होते तेव्हापासून मला ओळखतात. अपघातानंतर आमचं सगळं कारधा गाव मला बघायला येऊन गेलं आणि प्रत्येक जण 'बिचारी' म्हणून गेला. एकटे हवालदार आले ते म्हणाले, "उजवा डोया ठीक हाय ना? उजवं बोट? मंग पडून काहून रायली?" त्या दिवशी मी उठून बसले. हे मी कधी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, ते लगेच डोक्यावर बसतील.

आज पहिली तिपाई. माझा नवरा धर्मेंद्र वायरमन आहे, त्याची गावातल्या प्रत्येक माणसाशी दोस्ती. शहापुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाची कॅमेऱ्याची तिपाई मागून आणली. दिसायला ऐटबाज. मी खुर्चीवर बसले, डावा हात उजव्याने उचलून रायफलच्या लाकडाखाली नेऊन ठेवला (तो तिथे नुसता पडून असतो, पण लोंबत राहिला की मला सुचत नाही), आणि वीस छर्रे सोडले. चौदा छर्रे वर, बारा वाजताच्या बाजूला गेले. हवालदारांनी तिपाईचं डोकं धरून हलवलं. "ही नवरीले पायते, नेमाले नाई. परत करून टाका."

१८ नोव्हेंबर, रविवार

कॅमेऱ्याची तिपाई परत केली. धर्मेंद्रने पाण्याच्या जुन्या पायपाची तिपाई वेल्डिंग करून घेतली, पायांना टायरचं रबर लावलं. इतकी जड की ऑटोवाल्याने तिचंही भाडं मागितलं.

छर्रे पुन्हा वर. पण या वेळी संशयित दुसरा होता. नवीन धान आलं आहे, बाजूच्या शेडमध्ये मिल चालू, हमाल पोती टाकतात तेव्हा माझ्या चपलेखालची जमीन धडधडते. हवालदार म्हणाले, भुईच हलून रायली तं तिपाई काय करन. पटलं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

नेमाची वही आहे, तरी डाकघराचं लिहिते. कारध्याच्या शाखा डाकघराची मी पोस्टमास्तर. टपालावर शिक्का मारताना पाकीट सरकू नये म्हणून मी वैनगंगेतला एक चपटा गोटा ठेवत आले. अपघातानंतर तोच माझा डावा हात. आज पाच वाजता टेबल आवरताना लक्षात आलं की गोटा खिडकीत आहे. दिवसभर तिथेच होता. म्हणजे आज शिक्के मारले कसे? टपाल कमी असेल. सध्या डोक्यात तिपाईशिवाय काही नसतं, त्याचा परिणाम.

२५ नोव्हेंबर, रविवार

मालकाला सांगून आज सकाळी मिल दोन तास बंद ठेवली. भुई शांत. छर्रे वर.

हवालदारांनी तिपाईच्या मधोमध धानाची एक थैली टांगली, वजनाने पाय जमिनीत रुतावेत म्हणून. तिपाई खरंच घट्ट बसली. बारा छर्रे वर गेले, उरलेले आठ मधे. मी चिडून म्हटलं, "सर, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुयं काई चुकत नाई. श्वास ठीक हाय, बोट ठीक हाय. हे लोखंड बेइमान हाय."

हे ऐकून बरं वाटलं. माणसाला दोष लोखंडाचा आहे म्हटलं की किती हलकं वाटतं! घरी जाऊन धर्मेंद्रला सांगितलं तर तो तासभर बोलला नाही, जसं काही मी त्याच्या पोटच्या पोरालाच बेइमान म्हटलं.

६ डिसेंबर, गुरुवार

आज विहारात वंदना होती. गर्दी पुष्कळ. मी आणि सासूबाई, म्हणजे लीलाबाई, बायकांच्या ओळीत शेजारी. त्रिशरण चालू असताना बाजूला बघते तर यांचं लक्ष वंदनेत नाही, माझ्या हातांकडे. एकदा बघितलं, परत बघितलं, मग टक लावून बघतच राहिल्या. मी ब्लाउजची बाही तपासली, बांगड्या तपासल्या, सगळं ठीक. घरी येताना विचारलं, "आई, काय बघत होतात?"

"काई नाई व," म्हणाल्या. रात्री माझ्या ताटात भाजी दोनदा वाढली. म्हाताऱ्या होत चालल्यात.

१४ डिसेंबर, शुक्रवार

तिसरी तिपाई दिल्लीहून पार्सलने आली. आली माझ्याच डाकघरात, त्यामुळे माझी वस्तू मीच मला बटवडा केली आणि पोचपावतीवर मीच सही केली. धर्मेंद्रच्या तिपाईच्या पाव वजनाची, पायांना टोकदार खिळे, एकेक पाय वेगळा लांब-आखूड करता येतो. धर्मेंद्रने ती उघडून, मिटून, उलटी करून पाहिली. "चांगली हाय," म्हणाला. त्याच्या तोंडून हे दोन शब्द निघायला किती कष्ट पडले ते मी पाहिलं.

१६ डिसेंबर, रविवार

दिल्लीची तिपाई. छर्रे वर. तीसपैकी बावीस. आजवरचा सर्वांत वाईट दिवस.

हवालदार डोक्याला हात लावून पोत्यावर बसले. मी त्यांच्यासमोर रडले नाही, शेडच्या मागे जाऊन रडले. खरं कारण इथे लिहिते. या चाचणीत मी पार उतरले तर मी महाराष्ट्राची नेमबाज. नाही उतरले तर मी पोस्टातली ती हात गेलेली बाई. चौतीस वर्षांची झाले. धडधाकट असताना मी कधी जिल्ह्याच्या पुढे गेले नव्हते, आठव्या-नवव्या नंबरच्या पोरीला कोण विचारतं. जे मिळालं ते हात गेल्यावर मिळालं. ते एका स्प्रिंगखालच्या तीन पायांमुळे जाऊ नये.

३० डिसेंबर, रविवार

हवालदारांनी आज नवीनच काही काढलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधून टाकला. "मार आता."

धर्मेंद्रची लोखंडी तिपाई होती. दहा छर्रे. दहाही मधे, एका बांगडीत मावतील एवढ्यात. मी ओरडलेच. मग दिल्लीची तिपाई ठेवली. दहाही मधे. मग हवालदार स्वतः पळत जाऊन फोटोवाल्याची तिपाई घेऊन आले. तिच्यावरही सात मधे, आणि चुकलेल्यांत एकही वर नाही.

म्हणजे तीनही तिपायांचा दोष नव्हता. मेलेल्या हाताचं ओझं रायफलला त्रास देत होतं, एवढंच. बांधून ठेवायचा की झालं. मी आनंदाने सगळं आवरलं. हवालदार मात्र दुपट्ट्याची घडी घालत बसले. उलगडली, परत घातली. मी म्हटलं, "सर, खूश नाही झालात?" तर म्हणाले, "झालो ना. झालो."

शेवटी निवड धर्मेंद्रच्या तिपाईची केली. जड आहे म्हणून. बातमी सांगितल्यावर तो पायांचं रबर बदलायला बसला, जेवायला उठेना.

१२ जानेवारी २०१९, शनिवार

नेमाचं आज काही नाही.

संध्याकाळी टपालाची थैली सील करत होते. लाख वितळवून गाठीवर सोडायची आणि वर शिक्का दाबायचा. लाखेचा एक थेंब बाजूला पडला आणि मी "आई ग" म्हणून हात मागे ओढला. मग बसून राहिले. कारण ओढला तो डावा हात होता. तो टेबलावर गाठ धरून होता. तिथे तो मी ठेवला नव्हता. पहिल्या बोटावर लाल डाग पडला होता आणि तो दुखत होता.

ओझं असतं तर रायफल खाली गेली असती. ओझं वर ढकलत नाही. एवढं साधं गणित, आणि मी दोन महिने मिल बंद करवत फिरले.

दार लावून मी हात उचलून पाहिला. खांद्याच्या थोडा खालपर्यंत गेला. थरथरत होता, पण गेला.

मला आनंद झाला नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते. पहिला विचार आला तो असा, की चाचणीपर्यंत एक आठवडा अजून थांबला असतास तर?

१३ जानेवारी, रविवार

रेंजवर गेले. हवालदार दुपट्टा घेऊन उभे होते. मी म्हटलं, "सर, तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "मी तिपाई तपासतो. हात तपासनं डाक्टरचं काम हाय."

"पुण्याला डॉक्टर तपासतीलच. यंदा फेरतपासणी होईल असं त्यांनी मागच्या वर्षीच लिहून दिलंय."

"हात सैल सोडला तं डाक्टरले काय दिसन?" एवढं बोलून त्यांनीच तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मीबी मानूस हाय, दीपमाला. वीस वर्सं पोट्टे शिकवून रायलो, एकबी राज्याच्या पुढं नाई गेला." मला त्यांचा राग आला नाही. माझ्या मनात जे होतं तेच ते बोलले.

हात बांधून साठ छर्रे मारले. आजवरचे सर्वांत चांगले.

१५ जानेवारी, मंगळवार

लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले तर सूप बाजूला ठेवलं आणि माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला. बोटावरच्या लाखेच्या डागावर तेल लावलं. मग न बघता म्हणाल्या, "सहा डिसेंबरले विहारात तू दोनी हात जोडले व. वंदना सरेपर्यंत. मी पायतच रायली."

मी हात मागे घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

"मले वाटलं, आज सांगशीन, उद्या सांगशीन. महिना झाला. आलेला हात कोनी लपवते काय व?"

मी सगळं सांगितलं. चाचणीचं, गटाचं, हात आला तर नाव कटेल याचं. त्यांनी ऐकलं. तपासणीत खोटं बोलू नको असं म्हणतील वाटलं, पण म्हणाल्या, "तुये केस मी दोन वर्सं विंचरले. तुया मनात काय चाललं ते बी मले समजते. धर्मेंद्रले मी काई सांगत नाई. तुयं तू पाय." आणि सूप परत हातात घेतलं.

रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

१८ जानेवारी, शुक्रवार. गाडीत

भंडारा रोडहून निघालो. तिपाई पोत्यात गुंडाळून बर्थखाली, धर्मेंद्रचा एक पाय सारखा तिच्यावर. प्रत्येक स्टेशनला वाकून बघतो. त्याला अजून काही माहीत नाही.

मी ठरवलं आहे. खोटं बोलणार नाही, फक्त बोलणार नाही. डॉक्टर म्हणतील हात सैल सोडा, मी सोडीन. अडीच वर्षं तो सैलच होता, त्याला सवय आहे. राष्ट्रीय स्पर्धा झाली की मग हात आला म्हणून सगळ्यांना पेढे वाटीन.

एवढं ठरवल्यावर झोप यायला हवी होती.

१९ जानेवारी, शनिवार. पुणे

तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे साताऱ्याची तृप्ती होती. मागच्या वर्षी ती चौथी आली होती. लहानपणापासून तिच्या दोन्ही हातांत जोर नाही, पाण्याचा ग्लास मामा धरतो. बडबडी पोरगी. मला म्हणाली, "यंदा तुम्हाला मागे टाकणार बघा, ताई." मी हसले आणि मान खाली घातली.

आत डॉक्टरांनी खांदा दाबला, कोपर दाबलं. मी सैल. बोटं, मनगट, मी सैल. त्यांनी कागदावर काही लिहिलं. मग माझा हात खांद्याएवढा उचलून धरला आणि म्हणाले, "आता मी सोडतो, पडू द्या."

त्यांनी सोडला. मी पडू देणार होते. खरंच देणार होते.

हात पडला नाही. हवेत तसाच राहिला, थरथरत. मी धरला की तोच थांबला, मला आताही सांगता येणार नाही. मी त्याच्याकडे बघत होते, डॉक्टर बघत होते, दारातून तृप्ती बघत होती. अडीच वर्षं मी त्याला उचलून इथून तिथे ठेवत आले, आणि तो आपला आपण उभा होता. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी तो खाली घेतला नाही.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीपासून असेल."

"अभिनंदन," ते म्हणाले, "तुम्ही या गटात बसत नाही." दोन्ही एका दमात.

बाहेर धर्मेंद्र पंचांकडून तिपाई तपासून घेऊन आला होता, तिच्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवलेली. "पास झाली व! एकबी खोट नाई निंगाली," म्हणाला. मी त्याला सांगितलं. त्याने तिपाई भिंतीला टेकवली, माझा डावा पंजा हातात घेतला आणि म्हणाला, "दाब." मी दाबला. "अजून दाब." तिथेच, सगळ्यांसमोर, माझा नवरा हुंदके देऊन रडला. तिपाईसाठी दोन महिने झिजलेला माणूस, तिचं नावही त्याने घेतलं नाही. आणि मी मात्र तेव्हाही विचार करत होते की आता मी कोण?

हवालदारांना फोन केला. हात किती वर जातो ते त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "चांगलं झालं. मले रात्री झोप नोयती येऊन रायली." मलाही नव्हती, हे मी त्यांना सांगितलं.

२० जानेवारी, रविवार. पुणे

तृप्ती दुसरी आली. निवड झाली. मी असते तर ती तिसरी असती, किंवा मी तिसरी असते. ते आता कळणार नाही.

सकाळी आम्ही परतीच्या तयारीत असताना ती शोधत आली. तिच्यासारख्यांना रायफलमध्ये छर्रा भरून द्यायला शेजारी एक माणूस बसू देतात. तिचा मामा ते करतो, पण काल धर्मशाळेत त्यांचा चष्मा फुटला होता आणि मसुरीच्या डाळीएवढा छर्रा त्यांना दिसेना. "ताई, तुम्ही बसाल? तुम्हाला रायफल कळते," म्हणाली. काल माझा हात हवेत थांबलेला तिने पाहिला होता. मी इतके दिवस काय लपवलं तेही तिला कळलं असणार. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी तिच्या उजव्या बाजूला बसले. तिच्या स्टँडची स्प्रिंग डुलत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी कधी दुसऱ्याचा नेम इतक्या जवळून पाहिला नव्हता. स्वतःच्या नेमात माणूस इतका गुंतलेला असतो की तो किती कठीण आहे हे त्याला दिसतच नाही. सरावाचे पहिले तीन छर्रे मी उजव्या हाताने भरले. तिच्या बाजूला बसून उजवा हात आडवा न्यायचा म्हणजे तिच्या चेहऱ्यासमोरून जात होता आणि तिला दर वेळी मान मागे घ्यावी लागत होती.

चौथ्याला तिने माझ्याकडे पाहिलं. "डावा जवळ आहे ना, ताई."

"त्या हातातून पडेल गं."

"पडू द्या. सराव चालू आहे, दुसरा घेऊ."

पहिला पडला. दुसरा पडला. बोटांना छर्रा लागतो आहे की नाही हे बघून खात्री करावी लागत होती. तिसरा खाचेत बसला. तिने रायफल बंद करायची खूण केली, श्वास घेतला, अर्धा सोडला आणि नेम धरला.

सरावाची वेळ संपली आणि खरी चाचणी सुरू झाली तेव्हा मी सवयीने उजवा हात पुढे केला. तिने मान हलवली, "माझा नेम लवकर लागतो, वेळ उरतो. डाव्यानेच भरा."

मग साठही छर्रे मी डाव्यानेच भरले.